कॉलेजातल्या पोरांनी काढलेल्या शाळा

कॉलेजं सुरू झाली की व्हरांड्यात टेबलं लागतात. वाङ्मय मंडळ, नाट्य मंडळ, निसर्ग मंडळ, एनएसएस. ओळखीतली एक मुलगी यंदा एफवायला गेली. तिनं विचारलं, "काका, मंडळात गेलं तर सर्टिफिकेट मिळतं का? क्रेडिटला धरतात म्हणे." तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपणच मुलांना हे शिकवलंय. पण त्या दिवशी घाईत तिला सांगायची राहिलेली गोष्ट इथं लिहितो, मंडळी. जरा लांबेल.

जून १८४८. मुंबई विद्यापीठ निघायला अजून ९ वर्षं होती. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधले प्राध्यापक पॅटन आणि तिथले विद्यार्थी यांनी मिळून 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. जमायचं, निबंध वाचायचा, त्यावर वाद घालायचा, एवढंच काम. आजच्या भाषेत डिबेट क्लब. इंग्रजीत बोलून लोकांपर्यंत काय पोचणार, हे ओळखून तिच्या मराठी आणि गुजराती शाखाही निघाल्या. मराठी शाखा म्हणजे दादोबा पांडुरंगांच्या अध्यक्षतेखालची उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. तिचं 'ज्ञानप्रसारक' मासिक १८५० पासून निघू लागलं.

खरी गंमत पुढं आहे. १८४९ मध्ये सोसायटीत स्त्रीशिक्षणावर एक निबंध वाचला गेला. निबंध झाला, टाळ्या झाल्या, चहा झाला, असं होऊन संपायला हरकत नव्हती. (चहा माझ्या पदरचा.) पण ही पोरं मुलींच्या शाळा काढायला निघाली! पैसा नाही, इमारत नाही, पगारी शिक्षक नाही. मग शिकवणार कोण? तर सभासदच, तेही सकाळच्या वेळात, फुकट.

मुली आणायच्या कुठून, हा त्याहून मोठा प्रश्न होता. दादाभाई नौरोजी तेव्हा चोविशीत होते, एल्फिन्स्टनमध्येच शिकून तिथंच शिकवायला लागलेले. म्हातारपणी त्यांनी त्या दिवसांची आठवण लिहिली आहे. दारोदार जायचं, लोकांच्या ओट्यावर बसायचं आणि "तुमची मुलगी शाळेत पाठवा" म्हणून विनवायचं. काहींनी बरं वागवलं, काहींनी पायऱ्यांवरून खाली ढकलून देऊ असा दम भरला. ऑक्टोबर १८४९ मध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली आल्या. एकूण ६८. आज एका वर्गात एवढी मुलं कोंबतो आपण. पण त्या ६८ घरांपैकी प्रत्येक घरी कुणीतरी जाऊन बसलं असेल, वाद घातला असेल, हे विसरायला नको.

सगळ्यात पहिले हेच, असा दावा मी करत नाही. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा मुंबईत आधीपासून होत्या, आणि पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात १८४८ मध्येच शाळा काढली होती. सोसायटीत मुलगी एकही नव्हती, आणि बहुतेक पोरं पारशी नाहीतर वरच्या जातींतल्या हिंदू घरांतली. त्या मर्यादा मान्यच. पण सावित्रीबाईंचं नाव घेताना मुंबईची ही पोरं आपण साफ विसरतो.

पोरांचं काम दिसल्यावर मोठी माणसं पुढं आली. नाना शंकरशेट यांनी आपल्या आवारात शाळेला जागा दिली. पारशी शाळांना कामा घराण्यानं पैसा पुरवला. आधी प्रस्ताव, मग मंजुरी, मग निधी, असा क्रम इथं दिसत नाही. आधी शाळा, मग पैसा.

आणि या मंडळानं माणसं घडवली. ऑगस्ट १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन निघाली. सरकारकडे लोकांच्या वतीनं अर्ज करणारी ही मुंबई इलाख्यातली पहिली राजकीय संस्था. तिथं भाऊ दाजी लाड सचिव, आणि दादाभाईही त्यात. हेच भाऊ दाजी पुढं या सोसायटीचे अध्यक्ष झाले. सभा कशी चालवायची, विरोधकाचं ऐकून कसं घ्यायचं, वर्गणी कशी मागायची, हे त्यांना कुठल्या पुस्तकानं शिकवलं नसणार.

आता आजचं बघा. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या. वर्गात पहिला आला तो वर्गाचा प्रतिनिधी. त्याआधीच्या निवडणुकांत मारामाऱ्या झाल्या, खूनही पडला, त्यामुळं कारण खोटं नव्हतं. पण औषध असं दिलं की रोग्याचं बोलणंच बंद झालं. २०१६ च्या कायद्यात निवडणुका परत आल्या, कागदावर. २०१९ मध्ये त्या होता होता राहिल्या. मंडळांचंही तेच. कार्यक्रम कुठला, पाहुणा कोण, बॅनरवर फोटो कुणाचा, हे ठरवतात सर. पोरं खुर्च्या लावतात आणि फोटो काढतात.

गिरगावात त्या सोसायटीची मुलींची शाळा पुढंही चालत राहिली. ती काढणाऱ्या पोरांना त्याबद्दल एकही क्रेडिट मिळालं नव्हतं. आता तिला, त्या एफवायच्या मुलीला, हीच पोस्ट पाठवतो. निसर्ग मंडळात नाव दिलंय म्हणाली.