अँथॉलॉजी चित्रपट : शहरकथांचे

वेगवेगळ्या दिग्दर्शकांनी स्वतंत्रपणे केलेले लघुपट एका नावाखाली, एका समान सूत्रात ओवून सलग दाखवणारा चित्रपटप्रकार. लघुपटांची संख्या तीनपासून अठरा-वीसपर्यंत असू शकते. सूत्र कधी प्रेम किंवा भय अशा एखाद्या भावनेचे असते, कधी साहित्याचे, तर कधी शहराचे. या नोंदीत मुख्यतः शहराच्या सूत्राचा विचार केला आहे, आणि तोही मुंबई व हैदराबाद या दोन शहरांच्या संदर्भात. तेलंगणातील आदिलाबादसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यातून मराठी माणूस शिक्षणासाठी, पोटासाठी घराबाहेर पडतो तो बहुधा या दोहोंपैकी एका शहराकडे.

एकाच दिग्दर्शकाने अनेक कथा सांगितल्या, तर तो चित्रपट या प्रकाराचा सख्खा शेजारी ठरतो. या प्रकारात तो काटेकोरपणे बसत नाही. सत्यजित राय यांचा ‘तीन कन्या’ (1961), सचिन कुंडलकर यांचा तीन कथांचा ‘गंध’ (2009) आणि गजेंद्र अहिरे यांचा ‘पोस्टकार्ड’ (2014) ही त्याची उदाहरणे. निशिकांत कामत यांचा ‘मुंबई मेरी जान’ (2008) आणखी निराळा. 11 जुलै 2006 च्या लोकल गाड्यांतील बॉम्बस्फोटांनंतरची मुंबई त्यात पाच-सहा माणसांच्या आयुष्यांतून दिसते, पण त्या कथा एकमेकींत विणलेल्या आहेत. त्यातली एक उचलून वेगळी दाखवता येणार नाही. अँथॉलॉजीतला लघुपट मात्र सुटा काढला तरी स्वतःच्या पायावर उभा राहावा लागतो.

शहराला सूत्र करण्याची कल्पना युरोपातली. ‘लामोरे इन चित्ता’ (1953) या इटालियन चित्रपटाचे सूत्र पटकथाकार चेझारे झावात्तिनी यांचे. चित्रपटाच्या रूपातले नियतकालिक काढावे, असा त्यांचा बेत होता. फेलिनी आणि अंतोनिओनी यांनी त्यात एकेक प्रकरण केले. या प्रकाराला खरी शिस्त लावली ती ‘पारी व्यू पार’ (1965) या फ्रेंच चित्रपटाने. सहा दिग्दर्शक, पॅरिसच्या सहा वस्त्या आणि 16 मिमीचा हलका कॅमेरा, एवढाच मामला. एरिक रोमेर यांच्या वाट्याला प्लास द लेत्वाल हा अवाढव्य वाहतूक चौक आला. त्यांचा नायक कपड्यांच्या दुकानातला विक्रेता आहे. रस्त्यात एकाशी त्याची बाचाबाची होते, छत्रीचा तडाखा बसून समोरचा माणूस कोसळतो. माणूस मेलाच, अशी या बापड्याची समजूत होते आणि त्या दिवसापासून तो कामावर जाण्याची वाटच बदलतो. चौकातले सिग्नल, पादचाऱ्यांचे पट्टे, बारा बाजूंनी येणाऱ्या मोटारी यांवाचून ही गोष्ट घडूच शकत नाही. शहरकथेची याहून चोख कसोटी सापडणे कठीण: जागा बदलली की कथा मोडली पाहिजे.

पुढे न्यूयॉर्कवर मार्टिन स्कॉर्सेसी, फ्रान्सिस फोर्ड कपोला व वुडी ॲलन यांचा ‘न्यूयॉर्क स्टोरीज’ (1989) आला; पॅरिसवर अठरा लघुपटांचा ‘पारी, झ तेम’ (2006) आला. नंतर काढलेल्या ‘न्यूयॉर्क, आय लव्ह यू’मधला एक लघुपट मीरा नायर यांचा. त्यात जैन हिरेव्यापारी (इरफान खान) आणि लग्नाला उभी असलेली ज्यू तरुणी (नताली पोर्टमन) यांची सौदा करता करता होणारी भेट आहे. अठरा लघुपटांच्या संचात प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सहा मिनिटेच येतात. एवढ्यात बरेच जण शहराचे पिक्चर पोस्टकार्ड काढून मोकळे होतात.

हिंदीत या प्रकाराची सुरुवात अडखळत झाली. ‘दस कहानियाँ’ (2007) मध्ये सहा दिग्दर्शकांच्या दहा कथा होत्या. त्यांतली लक्षात राहिली ती रोहित रॉय यांची ‘राईस प्लेट’: रेल्वे स्थानकावरच्या उपाहारगृहात एका सोवळ्या बाईला (शबाना आझमी) आपल्या ताटासमोर एक मुस्लिम गृहस्थ (नसीरुद्दीन शाह) निवांत जेवताना दिसतो. एकमेकांना टाळणाऱ्या माणसांना एका टेबलावर बसवण्याची ताकद स्थानकात असते, हे त्या कथेने नेमके हेरले. अकरा दिग्दर्शकांच्या ‘मुंबई कटिंग’चे नावच चहाच्या टपरीवरून उचललेले. ऋतुपर्ण घोष, जाह्नू बरुआ, कुंदन शाह, सुधीर मिश्रा, रेवती, अनुराग कश्यप अशी नावे असूनही चित्रपट महोत्सवांबाहेर तो फारसा पोचला नाही. मल्याळममध्ये रंजित यांच्या पुढाकाराने दहा दिग्दर्शकांनी केलेला ‘केरळ कॅफे’ (2009) मात्र गाजला. त्यातल्या कथा रेल्वे स्थानकावरच्या कॅफेने जोडल्या होत्या.

‘बॉम्बे टॉकीज’ हा चार दिग्दर्शकांचा हिंदी संच 3 मे 2013 रोजी प्रदर्शित झाला. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, 3 मे 1913 रोजी, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात लागला होता. शताब्दीचे सूत्र सिनेमाचे, पण चारही कथांमधून मुंबई डोकावते. दिवाकर बॅनर्जी यांचा ‘स्टार’ हा चौघांत उजवा. सत्यजित राय यांच्या ‘पटोलबाबू, फिल्मस्टार’ या कथेवर तो बेतलेला आहे. नवाजुद्दीन सिद्दिकी यांचा पुरंदर चाळीत राहतो. नाटक सुटलेले, नोकरी नाही, मुलगी आजारी, आणि फसलेल्या धंद्याची आठवण म्हणून घरात एक इमू. (इमूपालनाच्या नादी लागून हात पोळलेल्यांना हा पक्षी वेगळा समजावून सांगावा लागत नाही.) रस्त्यावरच्या चित्रीकरणात नायकाला धक्का मारून जाणाऱ्या वाटसरूचे काम त्याला मिळते. क्षणभराचे काम, पण तो कोपऱ्यात जाऊन त्याची तालीम करतो. तिथे त्याला मेलेले नाट्यगुरू भेटतात आणि हजेरी घेतात. सदाशिव अमरापूरकर यांनी रंगवलेले हे गुरू म्हणजे मराठी रंगभूमीचा सगळा ताठा आणि तळमळ. अनुराग कश्यप यांच्या ‘मुरब्बा’तला तरुण उलट दिशेचा: अलाहाबादहून मोरावळ्याची बरणी घेऊन तो अमिताभ बच्चन यांच्या दारात उभा राहतो. चाळीतला पुरंदर शहराच्या आत असून बाहेरचा, आणि हा बाहेरून आलेला. उरलेल्या दोन कथा करण जोहर व झोया अख्तर यांच्या. याच चौघांनी पुढे ‘लस्ट स्टोरीज’ (2018) आणि ‘घोस्ट स्टोरीज’ (2020) केले. त्यांत सूत्र शहराचे राहिले नाही.

मराठीत या प्रकारातले ठळक नाव ‘बायोस्कोप’ (17 जुलै 2015). चार दिग्दर्शक आणि चार कविता अशी त्याची जुळणी होती. गजेंद्र अहिरे यांनी ‘दिल-ए-नादान’ गालिब यांच्या रचनेवरून केला, विजू माने यांनी ‘एक होता काऊ’ सौमित्र यांच्या कवितेवरून, गिरीश मोहिते यांनी ‘बैल’ नागपूरचे कवी लोकनाथ यशवंत यांच्या कवितेवरून. रवी जाधव यांच्या ‘मित्रा’ला संदीप खरे यांच्या कवितेबरोबर विजय तेंडुलकर यांच्या कथेचा आधार होता. ‘मित्रा’ कृष्णधवल आहे; देश स्वतंत्र होऊ घातलेला असताना एका मुलीला स्वतःच्या मनाचा कल उमगतो आणि तो बोलायला तिच्याजवळ शब्द नसतात. या लघुपटाला 62 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कथा-लघुपटाचा मान मिळाला. अँथॉलॉजीतला भाग सुटा उभा राहतो तो असा.

‘बायोस्कोप’ चांगला आहे, पण तो शहराचा नाही. त्याचे सूत्र कविता हे आहे, आणि चार कवितांचे चार प्रदेश, चार काळ असल्याने त्यातून एका गावाचा चेहरा उभा राहत नाही. मराठीत चाळीच्या, गिरणगावाच्या, उपनगराच्या कथा रग्गड लिहिल्या गेल्या. त्यांचा असा संच पडद्यावर यायला हरकत नव्हती. अडचण पैशाची असावी. चार दिग्दर्शक म्हणजे चार युनिटे, चार वेळा जागांची भाडी, आणि पोस्टरवर एकही मोठा नायक नाही. चित्रपटगृहाचा मालक अशा वेळी हात आखडता घेतो. हिंदीत त्यावर तोड निघाली, कारण बड्या नटांकडून थोड्या तारखा मिळवून वीस-पंचवीस मिनिटांचे काम करून घेता येते. ओटीटी आल्यावर तर तिकीटखिडकीचा प्रश्नच उरला नाही आणि हा प्रकार तिकडे सरकला.

ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर 13 मे 2022 रोजी ‘मॉडर्न लव्ह मुंबई’ आणि 8 जुलै 2022 रोजी ‘मॉडर्न लव्ह हैदराबाद’ असे दोन संच आले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील सदरावरच्या अमेरिकन मालिकेची ही भारतीय रूपे, तांत्रिकदृष्ट्या मालिका, घडणीने अँथॉलॉजी. मुंबईच्या संचात सहा दिग्दर्शक आहेत. शोनाली बोस यांच्या ‘रात रानी’त नवरा सोडून गेलेली काश्मिरी लाली (फातिमा सना शेख) सायकलवरून पूल चढण्याची धडपड करते, आधी धाप लागून थांबते, मग एक दिवस चढते. विशाल भारद्वाज यांच्या ‘मुंबई ड्रॅगन’मध्ये मुंबईतले चिनी कुटुंब आहे, आणि मुलाला जेवू घालण्याचा हक्क सोडायला तयार नसलेली आई. ध्रुव सेहगल यांच्या ‘आय लव्ह ठाणे’मध्ये ठाणे हे मुंबईच्या माणसाला ‘लांब’ वाटणारे गाव आहे. बागेच्या कामानिमित्त तिथे गेलेली नायिका त्या लांबपणाच्याच प्रेमात पडते. या तिन्ही कथांत जागा काम करते. बाकीच्या तीन कथा दिल्लीत घडल्या असत्या तरी फारसे बिघडले नसते.

हैदराबादच्या सहांपैकी तीन कथा नागेश कुकुनूर यांच्या, उरलेल्या व्यंकटेश महा, उदय गुर्राला व देविका बहुधनम यांच्या. पहिल्या कथेत आईच्या मनाविरुद्ध लग्न केलेली नूर (नित्या मेनन) आणि तिची दुरावलेली आई (रेवती) टाळेबंदीत एका घरात अडकतात. बोलणे बंद; स्वयंपाकघर मात्र चालू. दख्खनी खाण्याचे बारकावे त्या घरात भाषेचे काम करतात. मुंबईच्या आईने जेवणातून हक्क गाजवावा आणि हैदराबादच्या आईने जेवणातून माघार घ्यावी, असा हा योगायोग दोन्ही संच लागोपाठ पाहिल्यावर ध्यानात येतो.

आदिलाबादच्या मराठी प्रेक्षकाला हे दोन्ही संच परके नाहीत. हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत त्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके महाराष्ट्राच्या बाजूला आले. किनवट नांदेडमध्ये राहिले, राजुरा पुढे चंद्रपूरला जोडला गेला. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे सोयरीक राहिली ती राहिलीच. 2016 मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी, कोलामी अशा भाषा इथे एका बाजारात ऐकू येतात. इथून नंदीग्राम एक्स्प्रेस किनवट-नांदेडमार्गे मुंबईला जाते, तर कृष्णा एक्स्प्रेस सिकंदराबादकडे. अशा ठिकाणचा माणूस शहरकथा पाहतो तेव्हा त्यातल्या फ्लॅटपेक्षा स्थानकावर उतरलेल्या माणसाकडे त्याचे लक्ष आधी जाते.

लोकप्रिय तेलुगू सिनेमात आदिलाबाद येते ते प्रामुख्याने जंगल म्हणून. एस. एस. राजामौली यांच्या ‘आरआरआर’ (2022) ची सुरुवात तिथल्या गोंड वस्तीत होते. कापसाचा बाजार, वसतिगृहे, दोन-तीन भाषांत चालणारी दुकाने असलेल्या आदिलाबादला मोठ्या पडद्यावर अजून न्याय मिळालेला नाही. त्यातल्या त्यात जवळचा लघुपट म्हणजे ‘पिट्टा कथलु’ (नेटफ्लिक्स, 19 फेब्रुवारी 2021) या चार दिग्दर्शकांच्या संचातला तरुण भास्कर यांचा ‘रामुला’. टिकटॉकवर व्हिडिओ करणारी तेलंगणातली एक मुलगी, तिचा बिनकण्याचा प्रियकर आणि तिचे दुःख वापरून घेणारी राजकारणी बाई, अशी ती कथा आहे. संवाद अस्सल तेलंगणी बोलीत आहेत. चमकदार हैदराबाद नसल्यामुळेच की काय, चौघांत हाच अधिक खरा वाटतो.

कोविडकाळाने या प्रकाराला काही उत्तम लघुपट दिले. ‘अनपॉज्ड’ (2020) मधला अविनाश अरुण यांचा ‘विषाणू’ हा शहरकथेचा वस्तुपाठ म्हणावा. भाड्याच्या खोलीतून हाकललेले मजुराचे कुटुंब मुंबईतल्या एका टोलेजंग इमारतीच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये चोरून राहते. तिथले सगळे दाखवण्यापुरते असते. गिऱ्हाइकाला घर कसे दिसेल हे कळावे म्हणून सजवलेल्या खोल्यांत हे तिघे खरोखर संसार मांडतात, तेव्हा इमारत कुणासाठी बांधली जाते हा प्रश्न एकाही संवादाविना विचारला जातो. ‘अनपॉज्ड : नया सफर’ (2022) मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘वैकुंठ’ आहे. पुण्यातल्या प्रसिद्ध स्मशानभूमीचे नावही हेच. मंजुळे स्वतः स्मशानातल्या कामगाराच्या भूमिकेत आहेत. प्रेतांची रांग थांबत नाही, घरमालक खोली खाली करायला लावतो, वडील रुग्णालयात, आणि मुलाला घेऊन तो कामाच्या जागीच मुक्कामाला येतो.

‘अनकही कहानियाँ’ (2021) मधील अभिषेक चौबे यांचा लघुपट कन्नड कथाकार जयंत कायकिणी यांच्या कथेवर आधारलेला आहे. गोकर्णचे कायकिणी बरीच वर्षे मुंबईत राहिले आणि मुंबईवर कन्नडात लिहीत आले. त्या कथांच्या इंग्रजी अनुवादाला 2018 चा डीएससी पुरस्कार मिळाला. रिंकू राजगुरूची चाळीतली मुलगी आणि एकपडदा चित्रपटगृहात काम करणारा मुलगा (डेल्झाद हिवाळे) हे दोघे अंधारात एकमेकांना ओळखू लागतात. मुंबईची गोष्ट कन्नडात लिहिली जाते, हिंदीत चित्रित होते आणि तिचा चेहरा अकलूजच्या रिंकूचा असतो. मुंबईची वीण अशीच आहे.

या प्रकाराचा मोठा दोष सरासरीचा. चारांत एक उत्तम, दोन बरे, एक भरतीचा, असा हिशेब बहुतेक संचांत दिसतो. तो टाळणारा संच विरळा. दुसरा दोष, ओटीटीच्या शहरकथा उच्च मध्यमवर्गीय घरांतच फार घुटमळतात. खिडकीतून समुद्र दिसतो, पाण्याचा टँकर दिसत नाही. हा प्रकार नव्याने पाहणाऱ्याने अख्खे संच पाहण्याच्या फंदात न पडता ‘स्टार’, ‘विषाणू’, ‘वैकुंठ’ आणि ‘रामुला’ हे चार लघुपट आधी पाहावेत; चारही मिळून एका चित्रपटाएवढाच वेळ लागतो.