जंगलात संडास कशाला? – कॅम्पग्राउंडच्या जन्मामागची आरोग्याची गोष्ट



मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल आणि तुम्ही उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेला असाल, तर एखाद्या शनिवार-रविवारी तुम्हीही तिथल्या जंगलात तंबूत राहून आला असाल. तिथली व्यवस्था पाहून आपल्याला नवल वाटतं. प्रत्येक तंबूला नंबर दिलेली जागा. जमिनीत पक्कं बसवलेलं लाकडी टेबल. लोखंडी कड्याची चूल. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि थोडं लांब संडासाचं छोटं घर. "जंगलात यायचं ते मोकळं फिरायला, मग इथेही एवढी शिस्त कशाला?" असा प्रश्न मनात येतोच.

या शिस्तीमागे एक आजार आहे. विषमज्वर, म्हणजेच टायफॉइड. आपल्याकडे आजही पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात ज्याचे रुग्ण दिसू लागतात, तोच हा टायफॉइड. अमेरिकेतल्या सरकारी जंगलांत सहलीच्या जागा कशा तयार झाल्या, हे समजून घेतलं तर हा आजार कसा पसरतो आणि तो कसा टाळायचा, हेही नीट कळतं.

ही जंगलं सहलीसाठी नव्हतीच

अमेरिकेत 'नॅशनल पार्क' आणि 'नॅशनल फॉरेस्ट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पार्क म्हणजे निसर्ग जपून लोकांना दाखवण्याची जागा. नॅशनल फॉरेस्ट मात्र कामाचं जंगल. 1891 च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना जंगलं राखीव करण्याचा अधिकार मिळाला. ही जंगलं कशासाठी राखायची, हे 1897 च्या कायद्याने सांगितलं. जंगलाचं रक्षण, नद्यांना पाणी टिकवणं आणि लाकडाचा पुरवठा. त्यात सहलीचा शब्दही नव्हता. 1905 मध्ये ही जंगलं शेती खात्याकडे आली आणि 'फॉरेस्ट सर्व्हिस' सुरू झाली.

यातला पाण्याचा मुद्दा लक्षात ठेवा. पश्चिमेकडच्या अनेक शहरांचं पिण्याचं पाणी याच डोंगरांतून येत होतं. म्हणजे जंगलात कुणी काय घाण केली, याचा संबंध थेट शहरातल्या नळाशी होता.

छावणीतला ताप

आता थोडं मागे जाऊ. 1898 मध्ये अमेरिका आणि स्पेन यांचं युद्ध झालं. हजारो तरुण सैनिक छावण्यांत गोळा झाले, त्यातले बरेच आघाडीवर गेलेच नाहीत. तरीही छावण्यांत मृत्यूचं थैमान सुरू झालं. कारण शोधण्यासाठी वॉल्टर रीड, व्हिक्टर वॉन आणि एडवर्ड शेक्सपिअर या तीन डॉक्टरांचं मंडळ नेमलं गेलं. त्यांनी 92 पलटणींतल्या 1,07,973 सैनिकांची माहिती तपासली. त्यात टायफॉइडचे 20,738 रुग्ण आणि 1,580 मृत्यू आढळले. या युद्धात शत्रूच्या गोळीपेक्षा आजारांनीच जास्त सैनिक मेले, आणि त्यात टायफॉइड सर्वांत पुढे होता.

मंडळाला एक साधी गोष्ट दिसली. संडासाच्या उघड्या चरांवर चुना टाकलेला असे. भोजनाच्या तंबूत अन्नावर फिरणाऱ्या माश्यांचे पाय पांढरे झालेले होते. तो चुना संडासातून थेट ताटात येत होता आणि त्याच्याबरोबर जंतूही.

टायफॉइडचा जंतू रुग्णाच्या शौचातून आणि कधी कधी लघवीतून बाहेर पडतो. पाणी, माश्या, अस्वच्छ हात यांच्यामार्फत तो दुसऱ्याच्या तोंडात जातो. लागण झाल्यावर ताप यायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. शिवाय काही जण बरे झाल्यावरही महिनोन्महिने, क्वचित जन्मभर, हे जंतू बाहेर टाकत राहतात. त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो. त्यामुळे "आमच्या गटात कुणी आजारी नाही" या भरवशाला काही अर्थ उरत नाही.

छावणीचा हा धडा सैन्याने घेतला. चर कुठे खणायचा, पाणी कुठून घ्यायचं, स्वयंपाक कुठे करायचा याचे नियम कडक झाले. 1911 मध्ये सैनिकांना टायफॉइडची लस सक्तीची झाली.

मोटारी आल्या, माणसं आली

1908 मध्ये फोर्डची 'मॉडेल टी' गाडी बाजारात आली. 1910 साली अमेरिकेत पाच लाखांहूनही कमी मोटारी होत्या. 1920 पर्यंत त्या 80 लाखांवर गेल्या. सामान्य माणूस कुटुंबाला घेऊन जंगलापर्यंत पोचू लागला. ओढ्याकाठी गाडी लावायची, तिथेच तंबू, तिथेच चूल. भांडी ओढ्यात धुवायची आणि शौचाला जवळच्या झुडपामागे जायचं.

एकट्यादुकट्या शिकाऱ्याने असं केलं तर माती आणि ऊन ती घाण हळूहळू पचवतात. पण एकाच ओढ्याकाठी दर रविवारी शेकडो माणसं आली तर ती सैन्याची छावणीच झाली, फक्त शिस्तीविना.

कुलूप की सोय?

यावर दोन उपाय होते आणि ऑरेगन राज्यात हे दोन्ही एकमेकांपासून फार लांब नसलेल्या डोंगरांत पाहायला मिळतात.

पहिला उपाय कुलपाचा. पोर्टलंड शहराला 1895 पासून 'बुल रन' नदीचं पाणी मिळू लागलं. 1904 मध्ये खास कायदा करून त्या नदीच्या पाणलोटात सामान्य लोकांना जायला बंदी घातली गेली. माणूसच नाही तर माणसाची घाणही नाही.

दुसरा उपाय सोयीचा. त्याच भागात कोलंबिया नदीच्या काठाने नवा मोटाररस्ता झाला आणि लोकांची रीघ लागली. तेव्हा फॉरेस्ट सर्व्हिसने 1916 मध्ये 'ईगल क्रीक' इथे मुक्कामाची जागा बांधली. टेबलं, संडास, नोंदणीची चौकी आणि धबधब्यांच्या कडेने जाणारी पायवाट. नॅशनल फॉरेस्टमधल्या सर्व सोयींच्या कॅम्पग्राउंडची ही सुरुवात मानली जाते.

सगळ्याच जंगलांना कुलूप लावणं शक्य नव्हतं, योग्यही नव्हतं. मग लोकांना येऊ द्यायचं, पण त्यांच्यामागे राहणाऱ्या घाणीची सोय आधी करायची, ही वाट उरली.

आर्थर कारहार्ट

1919 मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने आर्थर कारहार्ट या तरुणाला नोकरीवर घेतलं. शिक्षणाने तो उद्यानं आणि मोकळ्या जागांची आखणी करणारा, म्हणजे लँडस्केप आर्किटेक्ट. असा माणूस नेमण्याची या खात्याची ही पहिलीच वेळ. पण पहिल्या महायुद्धात त्याने सैन्यात जंतुशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्याचं काम केलं होतं. सुंदर जागा पाहताना पाणी कुठून येतं आणि घाण कुठे जाते, हेही तपासायचं शिक्षण त्याला मिळालेलं होतं.

कोलोरॅडोतल्या सॅन इझाबेल नॅशनल फॉरेस्टमध्ये 'स्क्विरल क्रीक'च्या दरीत त्याने मुक्कामाच्या जागा, चुली, टेबलं, संडास आणि पायवाटा यांची एकत्र आखणी केली. सरकारकडे यासाठी पैसे नव्हते. मग जवळच्या प्यूब्लो शहरातल्या नागरिकांनी 1919 मध्ये संस्था स्थापन करून वर्गणी जमवली.

संसदेने सहलीच्या सोयींसाठी पहिल्यांदा रक्कम मंजूर केली ती 1922 मध्ये, फक्त 10,000 डॉलर. त्या दशकातल्या खर्चाच्या कायद्यांत या रकमेचं कारण काय लिहिलेलं असे? लोकांची करमणूक नव्हे. सार्वजनिक आरोग्याचं रक्षण आणि वणव्यांना प्रतिबंध, आणि त्यासाठी संडास आणि आगीपासून सुरक्षित चुली. जंगलातल्या सहलीला सरकारी पैसा मिळाला तो आरोग्याच्या खात्यावर. पुरेसा पैसा मिळत नसल्याने कारहार्टने मात्र त्याच वर्षाअखेरीस नोकरी सोडली.

झाडांचा डॉक्टर

माणसांची काळजी झाली, पण झाडं आजारी पडू लागली. कॅलिफोर्नियात एमिलिओ माइनेके नावाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. शेकडो वर्षं जगलेली झाडं माणसांच्या वर्दळीच्या जागी का खंगतात, हे त्यांनी 1920 च्या दशकात तपासलं. पाय आणि चाकं यांच्याखाली माती दाबली जाते. तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या बुजतात, पाणी आत मुरत नाही आणि वरच्या थरातली नाजूक मुळं मरतात. रोगजंतू नाही, कीड नाही. आजाराचं कारण मोकाट फिरणारी गाडी.

1932 मध्ये त्यांनी उपाय सुचवला. एकाच दिशेने जाणारा वळसेदार रस्ता, त्याला गाडी लावण्यापुरते तिरपे फाटे, कडेला मोठे दगड, आणि टेबल व चूल एका जागी पक्की. म्हणजे माणसं आपोआप ठरलेल्या जागीच वावरतात आणि बाकीची जमीन श्वास घेते. 1933 ते 1942 या काळात बेरोजगार तरुणांच्या 'सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर' या सरकारी दलाने देशभर कॅम्पग्राउंड बांधली, त्यांत ही आखणी मोठ्या प्रमाणात वापरली गेली. आजही तिथे तोच वळसा आणि तेच फाटे दिसतात.

नितळ पाण्यातला पाहुणा

शहरांत पाण्यात क्लोरीन आला, संडास सुधारले, आणि अमेरिकेत टायफॉइड दुर्मीळ झाला. पण एक दुसरा जीव राहिलाच. त्याचं नाव जिआर्डिया. 1681 मध्ये लेव्हेनहुकने आपल्याच शौचात सूक्ष्मदर्शकाखाली एक हलणारा जीव पाहिला होता, तो हाच असावा. पुढे कितीतरी वर्षं डॉक्टर त्याला निरुपद्रवी समजत होते.

1960 च्या दशकात कोलोरॅडोतल्या ॲस्पेन गावी बर्फात सुट्टी घालवायला आलेले लोक आजारी पडले. तिथे सांडपाणी विहिरीत झिरपलं होतं. 1970 च्या दशकात युटामधल्या युइंटा डोंगरांत मुक्काम केलेल्या एका गटालाही हाच त्रास झाला. 1976 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या कॅमस शहरात साथ आली, तेव्हा पाणलोटातल्या बीव्हर या प्राण्यांतही जिआर्डिया सापडला. म्हणून तिथे या आजाराला गमतीने 'बीव्हर फीव्हर' म्हणतात, जरी त्यात सहसा ताप नसतो आणि माणसाची घाणही तितकीच जबाबदार असते.

जिआर्डियाचं कवच टणक असतं. थंड पाण्यात तो आठवडेच्या आठवडे जगतो आणि क्लोरीनलाही चटकन दाद देत नाही. दहाच्या आसपास जीव पोटात गेले तरी लागण होऊ शकते. त्रास सुरू होतो साधारण एक-दोन आठवड्यांनी, म्हणजे तुम्ही घरी परतल्यावर. पोट फुगणं, दुर्गंधी येणारे तेलकट जुलाब, थकवा, वजन घटणं. सहलीचा विषय तोवर मागे पडलेला असतो आणि रुग्ण तो सांगत नाही. आणि न सांगितल्यामुळे निदानाला उशीर होतो.

संडासाची काळी चिमणी

आता त्या छोट्या घराकडे पुन्हा पाहा. छपरापेक्षा उंच गेलेला जाड पाइप दिसतो, बहुतेकदा काळा. ऊन लागून तो तापतो, आतली गरम हवा वर चढते आणि वारा तिला ओढून घेतो. त्यामुळे खोलीतली हवा भांड्यातून खाली आणि पाइपातून बाहेर जाते. वास आत येत नाही. पाइपाला वर जाळी असेल तर उजेडाकडे जाणाऱ्या माश्या तिथेच अडकतात. याच तत्त्वावरचा संडास 1970 च्या दशकात झिम्बाब्वेतही खेड्यांसाठी तयार झाला. चुन्याने पांढऱ्या झालेल्या पायांच्या माशीला दिलेलं हे उत्तर आहे, आणि त्याला ना वीज लागते ना पाणी.

तुम्ही काय करायचं?

हे सगळं जितकं तिकडे लागू, तितकंच सह्याद्रीतल्या गडावर मुक्काम करताना लागू. तिथे टाकं एकच असतं आणि त्यावर अवलंबून असणारे अनेक.

1. झऱ्याचं, ओढ्याचं, टाक्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळूनच प्या. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. सुमारे 2,000 मीटरपेक्षा जास्त उंचीवर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं.

2. जिथे संडास आहे तिथे तोच वापरा. नसेल तर पाण्यापासून आणि वाटेपासून किमान 60 मीटर लांब, 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा खणा आणि नंतर मातीने बुजवा. कातळावर खड्डा होत नाही, म्हणून माती असलेली जागा आधीच शोधून ठेवा.

3. हात साबणाने धुवा, पण टाक्यात किंवा ओढ्यात नाही. पाणी बाजूला घेऊन धुवा. सॅनिटायझरवर विसंबू नका, जिआर्डियावर त्याचा भरवसा नाही.

4. जुलाब होत असलेल्या व्यक्तीने गटाचा स्वयंपाक करू नये.

5. परतल्यावर महिनाभरात ताप किंवा न थांबणारे जुलाब झाले तर डॉक्टरांना सहलीबद्दल आवर्जून सांगा. औषधाच्या दुकानातून मनानेच जुलाबाच्या किंवा अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन तपासणी पुढे ढकलू नका.

6. टायफॉइडची लस घ्यावी का, हे सहलीआधीच तुमच्या डॉक्टरांना विचारा. लस घेतली तरी पाणी उकळायचंच.

जंगलात गेल्याने मन हलकं होतं, पाय चालते होतात, झोप छान लागते. जरूर जा. फक्त ओढ्याच्या खालच्या अंगाला कुणाचं तरी गाव आहे आणि ते हेच पाणी पितं, एवढं ध्यानात असू द्या.