क्रूसिफिक्शन, द

इंग्रज संगीतरचनाकार सर जॉन स्टेनर (६ जून १८४०–३१ मार्च १९०१) याची ख्रिस्ती धार्मिक वृंदगानरचना. येशू ख्रिस्ताच्या यातना व वधस्तंभावरील मृत्यू हा तिचा विषय. बायबलमधील उतारे निवडून डब्ल्यू. जे. स्पॅरो सिम्प्सन या धर्मोपदेशकाने त्यांना स्वतःच्या पद्यांची जोड दिली. लंडनच्या सेंट मॅरिलबोन चर्चमध्ये २४ फेब्रुवारी १८८७ रोजी ती प्रथम सादर झाली. स्टेनरने ती तेथील ऑर्गनवादक व आपला शिष्य विल्यम हॉज आणि त्याच्या गायकवृंदास अर्पण केली आहे.

या अर्पणातच रचनेचे मर्म आहे. स्टेनर हा त्या वेळी सेंट पॉल्स कॅथीड्रलचा ऑर्गनवादक होता (१८७२–८८). तेथे त्याने १८७३ पासून पवित्र सप्ताहात बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’चे गायन सुरू केले होते. दोन वृंद व दोन वाद्यमेळ लागणारी ती कृती सामान्य चर्चच्या आवाक्याबाहेरची. गावोगावच्या हौशी वृंदांना पेलेल असे काही हवे होते. म्हणून स्टेनरने वाद्यवृंद वगळला. टेनर व बास असे दोन एकलगायक, चतुःस्वरी वृंद आणि ऑर्गन एवढ्यावरच त्याने भागविले. बाखच्या कोरालचे स्थान येथे पाच स्तोत्रगीतांनी घेतले असून ती उपस्थित भाविकांनी वृंदासह गावयाची आहेत. त्यामुळे श्रोता हा उपासनेत सहभागी होतो.

एकूण वीस भागांच्या या रचनेस सुमारे सव्वा तास लागतो. कथाभाग गद्यवत् गायनातून पुढे सरकतो. वधस्तंभावरून येशूने काढलेले उद्गार मात्र एका गायकाच्या तोंडी न घालता पुरुषस्वरांच्या वृंदाकडे सोपविले आहेत. ही योजना साधी, पण परिणामकारक आहे. काल्व्हारीकडे जाणाऱ्या मिरवणुकीचा भाग कूचगीताच्या ठेक्याचा व काहीसा भपकेबाज आहे. सर्वांत प्रसिद्ध भाग नववा. योहानकृत शुभवर्तमानातील (३:१६) वचनावरील हे वृंदगान वाद्यसाथीविना गायले जाते. त्यात सर्व स्वरपट्ट्या बहुधा एकत्रच शब्दोच्चार करतात, त्यामुळे प्रत्येक शब्द ऐकू येतो. ते स्वतंत्रपणेही सर्वत्र गायले जाते.

विसाव्या शतकातील टीकाकारांनी या कृतीस भावविवश ठरविले. अर्धस्वरांनी सरकणारे स्वरमेळ आणि पद्यांची सामान्य गुणवत्ता पाहता हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. उत्तरायुष्यात स्टेनरलाही आपल्या अनेक रचना प्रसिद्ध केल्याची खंत वाटे, असे एडमंड फेलोझ या संगीतेतिहासकाराने नमूद केले आहे. द्यूफाय व त्याच्या समकालीनांचे पंधराव्या शतकातील संगीत संपादून प्रकाशात आणणाऱ्या (१८९८) या विद्वानास स्वतःच्या कृतींच्या मर्यादा कळत नव्हत्या, असे मानणे कठीण आहे. परंतु मोजक्या साधनांत सामान्य वृंदाला काय साधता येईल, याची त्याची जाण अचूक होती. ‘क्रॉस ऑफ जीझस’ व ‘ऑल फॉर जीझस’ या यातील स्तोत्रचाली पुढे स्तोत्रसंग्रहांतही समाविष्ट झाल्या. गुड फ्रायडेच्या सुमारास इंग्लंडमधील अनेक चर्चमध्ये ही रचना अद्यापही गायली जाते.