ज्या पहाटे अख्ख्या देशाने बाजू बदलली



आजची पोस्ट जरा लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी गाडी शिकली भारतात, डाव्या बाजूने, आणि मग अमेरिकेत नाहीतर आखातात येऊन उजवी बाजू धरली. पहिले सहा महिने आठवतायत? मी तर प्रत्येक वळणावर पुटपुटायचे, "उजवीकडे, उजवीकडे." इंडिकेटर द्यायला जावं तर वायपर सुरू. पण त्या सहा महिन्यांत माझ्या गाडीला साधा ओरखडाही पडला नाही.

हेच एका अख्ख्या देशाने एका पहाटे केलं होतं. स्वीडन, रविवार, 3 सप्टेंबर 1967.

तोवर स्वीडनमध्ये वाहतूक डावीकडून चाले. शेजारचे नॉर्वे आणि फिनलंड मात्र उजवीकडून. गंमत म्हणजे स्वीडनमधल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडेच होतं, त्यामुळे अरुंद रस्त्यावर ओव्हरटेक करताना समोरचं नीट दिसायचं नाही. 1955 साली सार्वमत घेतलं, तर सुमारे 83 टक्के लोक म्हणाले, नको. सवयच ती! तरी 1963 मध्ये संसदेने बदलाचा निर्णय घेतला. उजव्या बाजूला स्वीडिशमध्ये 'होगर' म्हणतात, त्याच्या आद्याक्षरावरून त्या दिवसाचं नाव पडलं एच-दिवस.

तयारी चार वर्षं चालली. साधारण 3,60,000 पाट्या बदलायच्या होत्या. बसची दारं दुसऱ्या बाजूला हवी होती. 'एच'चं चिन्ह दुधाच्या पुठ्ठ्यांवर छापलं, एवढंच काय, अंतर्वस्त्रांवरसुद्धा! त्या रात्री एक वाजल्यानंतर अत्यावश्यक वाहनं सोडून सगळं बंद. पहाटे 4 वाजून 50 मिनिटांनी जी वाहनं रस्त्यावर होती ती थांबली, हळूच पलीकडच्या बाजूला गेली आणि पुन्हा थांबली. पाचच्या ठोक्याला निघाली.

सगळ्यांना वाटलं होतं, सोमवारी कामाची गर्दी सुरू झाली की हाहाकार होणार. सोमवारी 125 अपघातांची नोंद झाली. आधीच्या सोमवारी हा आकडा 130 ते 198 च्या दरम्यान असायचा. 1966 मध्ये रस्त्यावर 1,313 माणसं गेली होती, 1967 मध्ये 1,077.

आता आम्हा सीए लोकांना आकडा अचानक सुधारला की आनंदाआधी संशय येतो. वेगमर्यादा काही काळ कमी ठेवल्या होत्या, ते धरायलाच हवं. पण रस्ते तेच, माणसं तीच. फरक एवढाच, की त्या दिवसांत प्रत्येक जण खरोखर रस्त्याकडे बघून गाडी चालवत होता. आणि मग? 1968 मध्ये आकडा परत 1,262. नवी बाजू अंगवळणी पडली आणि लक्ष पुन्हा उडालं. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच सांगायचा राहून जातो.

आमच्या धंद्यात हे जुनं दुखणं आहे. एकाच क्लायंटची वह्या-खाती चार-पाच वर्षं तपासली की डोळे मागच्या वर्षीचंच वाचतात. म्हणून तर भारतात 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना ठरावीक वर्षांनी ऑडिटर बदलायला लावलं. नवा माणस हुशारच असतो असं नाही हो. त्याला फक्त सवय नसते.

हे सगळं मला गेल्या ऑगस्टमध्ये आठवलं. पुण्यात चार आठवडे बाबांची गाडी चालवून परत आलो. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या पार्किंगमधून बाहेर पडले, डोक्यात ऑफिसचं काम, आणि सरळ डाव्या लेनमध्ये शिरले. मागून लेक किंचाळली, "आई, राँग साइड!" समोरचा ट्रक लांब होता म्हणून आज ही पोस्ट लिहितेय. इथे येऊन बारा वर्षं झाली होती. नवखी असताना जे कधी झालं नाही ते सराईत झाल्यावर झालं.

त्या रात्री झोप लागली नाही. गाडीपेक्षा मागची सीटच डोक्यात होती. रोज तिला शाळेतून आणताना माझा एकच प्रश्न, "काय झालं आज?" आणि एकच उत्तर, "काही नाही." दोघीही ऑटोपायलटवर. ती त्या सीटवर बसून काय बघते, कशाचा विचार करते, मला पत्ताच नव्हता.

तेव्हापासून शुक्रवारी आम्ही घरी वेगळ्या रस्त्याने येतो. सात-आठ मिनिटं जास्त लागतात. रस्ता ती ठरवते, डावं-उजवं मराठीत सांगायचं, आणि तो प्रश्न मी विचारायचा नाही. पहिल्या शुक्रवारी ती गप्पच होती. दुसऱ्या शुक्रवारी तळ्याजवळच्या वळणावर आपणहून म्हणाली, "आई, मी आता डब्याला एकटीच बसते, तुला माहितीये का?"

मी गाडी बाजूला घेतली. उजव्या बाजूला.

तुमच्याकडे कुठला रस्ता रोजचा झालाय? कमेंटमध्ये लिहा, मी वाचते सगळं.