शिसपेन्सिलीची रेघ

नकाशावरील रेघ म्हणजे काय, हे पांढुर्णा-सौंसरच्या वकिलास वेगळे सांगावे लागत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी छिंदवाडा व नागपूर या जिल्ह्यांमधली साधी हद्द दोन राज्यांची सीमा झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले. मराठी बोलणारा आमचा हा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. येथली जी अपिले नागपूरच्या उच्च न्यायालयात चालत, ती जबलपुरास जाऊ लागली. 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा आणखी एक रेघ ओढली गेली. येथे वाढलेला मनुष्य रेघ दिसताच प्रथम विचारतो : हिच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण?

नसरीन मोहमेदी यांच्या एका रेखाचित्राची छापील प्रत पाहताना मी हाच प्रश्न केला आणि निरुत्तर झालो. कागदावर शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा. काही गडद, काही विरत जाणाऱ्या. वस्तू नाही, शीर्षक नाही, तारीखही नाही. असा दस्तऐवज कोणते न्यायालय पुराव्यात घेईल?

परंतु ही रेघ ओढणारीचा इतिहास पाहावा. नसरीन यांचा जन्म 1937 सालचा, कराचीचा. त्या बालपणीच मुंबईस आल्या. पुढे 1947 च्या रेघेने त्यांचे जन्मगाव परदेशात गेले. लंडन व पॅरिस येथे त्यांचे शिक्षण झाले. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना वासुदेव गायतोंडे यांचा सहवास लाभला. गायतोंडे घराणे गोव्याचे. वासुदेवरावांचा जन्म मात्र 1924 साली आमच्या शेजारच्या नागपुरात झाला. 1972 पासून नसरीन बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवीत. उत्तरायुष्यात मज्जासंस्थेच्या विकाराने शरीरावरचा ताबा सुटत चालला, तरी वास्तुशास्त्रज्ञांची आखणीची उपकरणे घेऊन त्या रेखीत राहिल्या. 1990 साली अलिबागजवळील किहीम येथे त्या निवर्तल्या.

जिचे जन्मगावच एका रेघेपलीकडे गेले, तिच्या या चित्रातील रेघ मात्र कोणासही कुंपण घालीत नाही. तिला अलीकड नाही, पलीकड नाही. हा त्या चित्राचा पुरावा मी ग्राह्य धरतो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत एका धुऱ्याच्या तंट्याचा नकाशा उलगडला. पक्षकारांची नावे वाचण्यापूर्वी त्यावरची पेन्सिलीची रेघ मी क्षणभर नुसतीच पाहत राहिलो.