दूध, चारा आणि मिथेन : भारतीय दुग्धव्यवसायापुढील पर्यावरणीय पेच

जगात सर्वाधिक दूध भारतात उत्पादित होते. २०२३-२४ मध्ये हे उत्पादन २३ कोटी ९३ लाख टनांवर पोहोचले. त्यातील मोठा वाटा दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबांचा आहे. याच गोठ्यांतून वातावरणात जाणारा मिथेन वायू हा देशाच्या हवामानविषयक धोरणापुढील अवघड प्रश्न आहे.

मिथेनचा उगम

गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या कोठीपोटात सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतुमय घटकांचे विघटन करतात. या क्रियेत तयार होणारा मिथेन मुख्यत्वे ढेकरांवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या कालावधीत त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट मानली जाते. मात्र तो वातावरणात साधारण बारा वर्षेच टिकत असल्याने त्यातील कपातीचा लाभ लवकर दिसतो.

भारताने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या तिसऱ्या द्वैवार्षिक अहवालानुसार, २०१६ मध्ये देशाच्या हरितगृह वायू उत्सर्जनात शेती क्षेत्राचा वाटा सुमारे १४ टक्के होता. शेतीच्या या उत्सर्जनापैकी निम्म्याहून अधिक उत्सर्जन जनावरांच्या पचनक्रियेतून झाले.

प्रश्न पोषणाचा

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. भाकड किंवा कमी दूध देणारे जनावरही चारा खाते आणि मिथेन सोडते. परिणामी दर लिटर दुधामागील उत्सर्जन वाढते. भाताचा पेंढा, गव्हाचा भुसा आणि कडबा यांवर पोसलेल्या जनावरांत हे प्रमाण अधिक असते. दुसरीकडे, हाच चारा पिकांचे अवशेष असल्याने त्यासाठी वेगळी जमीन लागत नाही. ब्राझीलमध्ये मात्र गुरांच्या कुरणांसाठी ॲमेझॉनचे जंगल तोडले गेले आहे.

उपाय आणि मर्यादा

डेन्मार्कने २०३० पासून पशुधनाच्या उत्सर्जनावर कर लावण्याचे ठरविले आहे. भारतात तसा कर थेट गरिबांच्या उपजीविकेवर पडेल. मिथेन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी घटविण्याच्या, २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर झालेल्या जागतिक प्रतिज्ञेतही भारत सहभागी झाला नाही.

भारताचा भर पशुआहारावर आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संतुलित आहाराचा कार्यक्रम राबविला. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या बंगळूरु येथील संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरितधारा’ हे पूरक खाद्य विकसित केले असून, त्यामुळे मिथेन १७ ते २० टक्क्यांनी घटतो, असे संस्थेचे म्हणणे आहे. शेणातील मिथेन बायोगॅस संयंत्रात अडवून इंधन म्हणून वापरता येतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोबर-धन योजनेचा तो एक उद्देश आहे.

पूरक खाद्याचा दैनंदिन खर्च मात्र पशुपालकालाच सोसावा लागतो. तो वाढीव दुधातून भरून निघाला, तरच दोन म्हशींच्या गोठ्यापर्यंत हे उपाय पोहोचतील.