तरंगमबाडीचा किनारा : उपग्रहचित्रें व जुने कागद

पूर्व किनाऱ्यावरील तरंगमबाडी हें ठाणें मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. इ. स. १६२० (शके १५४२) मध्यें तंजावरच्या रघुनाथ नायकाशीं करार करून डॅनिश लोकांनीं येथें डान्सबोर्ग किल्ला बांधला. पुढें तंजावरचें राज्य व्यंकोजी राजांकडे आल्यावर या ठाण्याचा व्यवहार भोसल्यांच्या दरबाराशीं चालला. १८४५ मध्यें तें इंग्रजांस विकलें गेलें. किल्ल्याजवळच पांड्य राजा मारवर्मन् कुलशेखर याच्या कारकीर्दींतलें मासिलामणिनाथाचें देऊळ आहे. त्याचा पुढील भाग समुद्रानें गिळला आहे. समुद्र येथें किती व केव्हां आंत आला हें कोणत्या साधनांनीं ठरवावें, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

हल्लीं असे प्रश्न उपग्रहचित्रांवरून सोडविण्याचा प्रघात आहे. अवरक्त किरण पाणी शोषून घेतें व वाळू परत पाठविते. त्यामुळें चित्रांत पाणी काळें व वाळू उजळ दिसते. या दोहोंमधील रेघ निरनिराळ्या वर्षांच्या चित्रांवरून काढून एकीवर एक ठेवली म्हणजे किनारा कोठें मागें हटला व कोठें पुढें सरला तें कळतें. साधन उत्तम आहे. तथापि कागदाप्रमाणें चित्रही पारखूनच घेतलें पाहिजे. तें भरतीच्या वेळचें कीं ओहोटीच्या, ईशान्य मोसमांत वाळू वाहून गेल्यावरचें कीं ती पुन्हां भरल्यावरचें, हें न पाहतां काढलेली रेघ फसवी ठरते. दुसरें असें कीं, लँडसॅट मालिकेचीं चित्रें १९७२ पासूनचीं आहेत, आणि आरंभींच्या चित्रांतील एक ठिपका सुमारें ८० मीटर जागा व्यापतो. किनारा वर्षास एक मीटर हटत असेल, तर पन्नास वर्षांची धूप त्या एका ठिपक्यांतच मावते. २०१५ पासूनच्या सेंटिनेल-२ च्या चित्रांत ठिपका १० मीटरांवर आला. परंतु मागील काळास त्याचा उपयोग नाहीं.

म्हणून १९७२ पूर्वींच्या साडेतीनशें वर्षांस मुख्य आधार कागदांचाच. ट्रेलुंड याचा १७३३ चा शहराचा नकाशा प्रसिद्धच आहे. किल्ला व १७१८ चें न्यू जेरुसलेम चर्च आजही जागेवर उभीं आहेत. अशीं स्थळें जुळवून जुना नकाशा उपग्रहचित्रावर बसवितां येतो. मात्र नकाशाकारानें तट व रस्ते मोजून काढले, तरी वाळूची कड केवळ नजरेनें काढली असण्याचा संभव असतो. त्याचा ताळा दुसऱ्या कागदांवरून घेणें अगत्याचें आहे.

येथेंच संग्राहकांच्या साह्याची अपेक्षा आहे. तंजावर दरबारच्या एखाद्या मोडी कागदांत देवळापासून वा तटापासून पाण्यापर्यंतचें अंतर नमूद असल्यास तें मूळ परिमाणांत, तिथीसह छापावें. मीटरांत फिरवून मूळ आंकडा टाकूं नये. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचा तडाखा या गांवास बसलाच आहे. किनाऱ्यालगतच्या शिलालेखांचे ठसे, जे अद्याप घेतले गेले नसतील ते, पुढील मोसमापूर्वीं घेतले जावेत, अशी विनंति आहे.